शेवटच्या बाकावरची छत्री

माझे वडील ऊसतोड कामगार नव्हते. ते शाळेत मास्तर होते. आणि मी नऊ वर्षांचा असताना ते उसाच्या फडात वारले नाहीत. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना, देवळाली प्रवरेला स्वतःच्या खाटेवर, दुपारचा चहा घेऊन ते शांतपणे गेले. सांगायचं ते एवढंच. पण ते सांगायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ज्यांनी मला इंग्लंडातल्या नाटकांत किंवा पुढे पडद्यावर पाहिलं असेल, त्यांना माझी गोष्ट भलतीच माहीत आहे. नाटकाच्या पत्रकांवर, वर्तमानपत्रांत, एकदा तर टीव्हीवर माझ्या तोंडून ती आली. कुणी माझ्यावर लादली नव्हती. मीच रचली, मीच पाठ केली आणि मीच गाजवली.

आज मी नगरला सावेडीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी गॅलरीत बसून शाळेच्या पोरांना स्कूटरवरून नेणाऱ्या आया बघतो. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. तक्रारीला जागा नाही. फक्त ही एक गोष्ट खड्यासारखी टोचत होती, तिची हकिगत अशी.

बाबांची पहिली नोकरी कर्जतकडे होती. माझा जन्म झाला तोवर ते देवळाली प्रवरेच्या शाळेत आले होते आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या शास्त्रवाचनाची, म्हणजे बायबल वाचण्याची, जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. पाळकसाहेब उपदेश करायचे, पण वाचणार कोण आणि कसं, हे बाबा ठरवायचे. मी आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी मला हाताशी घेतलं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघं चर्चमध्ये जायचो. चर्च अरुंद आणि लांबट. पुढे वाचनाच्या मेजामागे मी, पायाखाली खोकं. पार मागे दारालगतच्या शेवटच्या बाकावर बाबा, हातात मिटलेली काळी छत्री. पाऊस असो नसो, छत्री असायचीच. मी वाचू लागलो की ते डोळे मिटत. एखादा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही की छत्रीचं टोक फरशीवर एकदा आपटे. टक्. मग ते वाक्य मी पुन्हा घ्यायचं. आणि मी आवाजात रंग भरू लागलो, गळा दाटून आल्यासारखं करू लागलो, की दोनदा. टक् टक्. म्हणजे, नाटक नको.

सगळा उतारा नीट पोहोचला तर? तर काही नाही. बाबा उठत, बाहेर जात आणि कुलपाची किल्ली हातात घेऊन माझी वाट बघत उभे राहत. शाबासकीचा तोच प्रकार होता. दुसरा मी पाहिला नाही.

एकदा मी कंटाळून म्हणालो, "बाबा, हा उतारा सगळ्यांना पाठ आहे. एवढं ओरडायचं कशाला?"

"ओरडायचं नाही, पोहोचवायचं. शेवटच्या बाकावर कोण बसतं?"

"म्हाताऱ्या बाया."

"त्यांना वाचता येतं?"

"नाही."

"मग त्यांचं शास्त्र म्हणजे तू ऐकवशील तेवढंच. तू एक शब्द गिळलास तर त्यांच्या शास्त्रातून तो गेला. आणि पदरचा एक घातलास तर तो त्यांच्या शास्त्रात बसला. कायमचा. चल, पहिल्यापासून."

माझं नाट्यशिक्षण म्हणायचं तर हेच. पुढे मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली काम केलं, पण आवाज कुठे ठेवायचा हे मला नव्याने कुणी शिकवलं नाही.

आता उसाचं. आमच्या भागात ऊस चहूकडे. दिवाळी झाली की पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून टोळ्या यायच्या, आमच्या घरामागच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडायच्या आणि पहाटेपासून फडात कोयत्यांचे आवाज सुरू व्हायचे. शाळेत जाता-येता मी त्या माणसांकडे बघत उभा राहायचो. कशी वाकतात, मोळी डोक्यावर घेताना मान कशी ताठ करतात, दमल्यावर उकिडवं बसून कपाळ कोणत्या हाताने पुसतात. पुढे मला हे सगळं उपयोगी पडलं. पण मी ते बघितलं होतं, केलं नव्हतं. कोयता मी एकदाच हातात धरला आणि पहिल्याच घावाला स्वतःचं बोट कापून घरी रडत आलो. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, हळद दाबली आणि वर म्हणाली, "तू आपला वाचतच जा."

माझी बायको नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. मी तिथल्याच एका शाळेत शिकवत होतो. इंग्लंडात नर्सेसना बोलावणं होतं. ती आधी गेली, वर्षभराने मी. कागदोपत्री मी त्या देशात 'नर्सचा नवरा' म्हणून शिरलो. इथला मास्तर तिथे दवाखान्यात रुग्णांच्या खाटा ढकलू लागला. मला त्याचं दुःख वाटलं असं आता म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर नाही वाटलं. लांबलचक बोळ होते, गुळगुळीत फरशी होती, खाट ढकलताना लोक बोलायचे आणि मी ऐकायचो.

तिसऱ्या नाताळाला दवाखान्याच्या प्रार्थनागृहात वाचणारे गृहस्थ आजारी पडले. बायकोने माझं नाव सुचवलं. मी इंग्रजीत वाचलं, पण वाचलं बाबांच्या रीतीने, शेवटच्या बाकासाठी. त्या बाकावर पायाला प्लास्टर घातलेली एक बाई चाकाच्या खुर्चीत होती. उपासना संपल्यावर तिने मला थांबवलं. ती एक छोटी नाटक मंडळी चालवत होती.

"तुमचा आवाज भिंतीपर्यंत जातो," ती म्हणाली. "कुठे शिकलात?"

"सवय आहे," मी म्हणालो.

त्या पहिल्याच प्रश्नाला मी बाबांचं नाव घेतलं असतं तर बहुधा पुढचं खोटं बोलायची वेळच आली नसती. पण परक्या बाईला छत्रीचं कसं समजावणार? लाजलो आणि सोडून दिलं.

पाय बरा झाल्यावर तिने मला बोलावलं. दिवसा खाटा, संध्याकाळी तालमी. आधी पडद्याआड वस्तू हलवायच्या, मग एका वाक्याचा शिपाई, मग तीन वाक्यांचा वेटर. माझे इंग्रजी उच्चार ऐकून लोक हसायचे. कुठे हसतात हे मी लक्षात ठेवू लागलो आणि हळूहळू मला हवं तिथे हसवू लागलो. बायको रात्रपाळीवरून येऊन माझी वाक्यं म्हणून घ्यायची आणि मधेच झोपायची. ते दिवस फार चांगले होते.

मी एकतीस वर्षांचा असताना मंडळीने एक नवं नाटक घेतलं. दूरच्या एका बेटावर ऊस तोडायला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचं. मुख्य भूमिकेसाठी आम्ही तिघं होतो. बाई आम्हाला एका गोलात बसवून म्हणाली, "आज वाचायचं नाही. तुमचा आणि उसाचा काय संबंध, एवढंच सांगा."

पहिल्याचा पणजोबा तशाच बेटावर मजूर होता. दुसऱ्याच्या आजोळी साखर कारखाना होता. माझी पाळी आली. डोळ्यांपुढे बाबा आले: इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात तांबडी पेन्सिल, सायकलच्या दांडीला अडकवलेली छत्री. त्या क्षणी मला त्यांच्यात त्या खोलीला दाखवण्याजोगं काही दिसेना. मी म्हणालो, "माझे वडील ऊस तोडायचे."

खोली गप्प झाली. नटाला ती शांतता ओळखू येते, आणि एकदा चाखली की सुटत नाही. मी आणखी एक वाक्य टाकलं. "मी नऊ वर्षांचा होतो. फडातच गेले."

भूमिका मला मिळाली. मी ती चांगली केली, हेही इथे नोंदवतो; खोटी नम्रता हाही खोटेपणाच. पण माझ्यामुळे ज्याची भूमिका हुकली त्या पहिल्या माणसाचा पणजोबा खरा होता.

नाटकात मी उभा राहून, कोयता खांद्याच्या वर नेऊन, कंबरेच्या उंचीवर ऊस तोडायचो. खाली वाकून तोडलं तर मागच्या रांगेला दिसणार नाही, असं बाईचं म्हणणं होतं. त्याच पवित्र्यातला माझा फोटो एका वर्तमानपत्रात अर्धं पान छापून आला. खाली माझी कहाणी: मजुराचं पोरकं पोर आणि त्याचा प्रवास. मी ते पान कपाटात ठेवलं. चार दिवसांनी बघतो तर नाही. बायकोने ते घरच्या पत्रात घालून देवळालीला पाठवून दिलं होतं. तिने मजकूर वाचून पाठवला की न वाचता, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बाबांना इंग्रजी उत्तम येत होतं. आयुष्यभर तेच तर शिकवलं.

दीड महिन्याने उत्तर आलं. पत्र मी नळाशी उभं राहून, पाणी पीत पीत वाचलं. विहिरीला पाणी बरं आहे. आक्काची बालवाडी चालली आहे. कोंबड्या मुंगसाने नेल्या. चर्चचे दोन पत्रे बदलले. आणि शेवटी, सहीच्या वर: 'फोटो पाहिला. कोयता फार उंच धरला आहेस. ऊस बुडाशी तोडतात.'

बस्स. तांबड्या पेन्सिलीने तेवढीच चूक काढली होती. बाकीचा मजकूर तपासायचा सोडून दिला होता.

मी सुटलो असं समजलो. पुढे टीव्हीवर डॉक्टर झालो, दुकानदार झालो, असंख्य नवऱ्यामुलींचा बाप झालो. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका चित्रपटात म्हाताऱ्या शेतमजुराची भूमिका मिळाली. तिने मला नाव दिलं. दर वेळी कुणीतरी तो प्रश्न विचारायचं आणि मी तेच उत्तर द्यायचो. खोट्याचं असं असतं की, पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते, दहाव्यांदा आपलेच डोळे भरून येतात.

बाबा गेले तेव्हा मी एका दूरच्या ठिकाणी चित्रीकरणात होतो. तीन आठवड्यांनी आलो. आक्काने दगड बसवून घेतला होता. नावाखाली एकच शब्द, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात: शिक्षक. ती काही बोलली नाही. मला वाचता येत होतं.

चार वर्षांपूर्वी बायको गेली आणि मी इकडे परतलो. आक्का आता त्र्याऐंशीची आहे. लग्न केलं नाही, बाबांना सांभाळलं, गावातल्या दोन पिढ्यांना अक्षरं गिरवायला शिकवली. मी महिन्यातून दोनदा एसटीने देवळालीला जातो. ती भाकरी करते, मी भांडी घासतो. आमचं छान चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात नगरच्या नाट्यप्रेमींच्या एका मंडळाने माझा सत्कार ठरवला. मी पत्रिका घेऊन आक्काकडे गेलो. पत्रिकेवर तोच जुना फोटो, कोयता आभाळाला लागलेला, आणि खाली: 'ऊसतोड कामगाराचा मुलगा ते परदेशी रंगभूमी.'

आक्का अंगणात खाटेवर शेंगा फोडत बसली होती. तिने पत्रिका हाताच्या अंतरावर धरून वाचली आणि बाजूला ठेवली.

"मी नाही येत."

"का गं?"

"मला कशाला बोलावतोस? तुझा बाप तुझ्या नवव्या वर्षी गेला ना? मग पुढं चाळीस वर्षं मी भाकरी थापली ती कुणासाठी? शेजारच्यासाठी?"

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"तुझा तो पिक्चर इथं कॅसेटवर आला होता," ती म्हणाली. शेंगा फोडणं चालूच. "गावात एकाकडं मशीन होतं. पन्नास माणसं जमली. बाबांना पुढं खुर्ची दिली तर नको म्हणाले. मागं भिंतीला टेकून बसले, छत्री घेऊन. उन्हाळ्याचे दिवस. सगळा पिक्चर डोळे मिटून ऐकला. तू बायको मेल्यावर रडतोस ना, तिथं दोनदा आपटली. बाकी कुठं नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"ऐक पुढं. तोवर तुझी ती गोष्ट मराठी पेपरातही आली होती. एक जण म्हणाला, काय मास्तर, तुम्ही ऊस कधी तोडला? सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबा म्हणाले, तोडला असेन, वय झालं, विसरलो. तर दुसरा एक हसून म्हणतो, अन् मेलात कधी? बाबा म्हणाले, तेही विसरलो."

"मग?"

"मग काय, सगळे खो खो हसले. बाबाही हसले. मी नाही हसले."

तिने शेंगांची टरफलं सुपात ओढली. मला वाटतं, त्या दुपारी मी उठून चालता झालो असतो तर आजही हे लिहिलं नसतं. पण तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, हातात प्लास्टिकचा कॅन. मागच्या माळावर टोळी उतरली होती, तिचा तो मुकादम. आता कोयता सोडून नुसती देखरेख करणारा. आक्काच्या नळाचं पाणी दरवर्षी त्यांनाच. कॅन नळाखाली लावून तो खाटेजवळ आला आणि पत्रिकेवरचा फोटो बघून थबकला.

"बाई, ह्यो मानूस ऊस तोडायलाय का शेवग्याच्या शेंगा पाडायलाय?"

आक्काने माझ्याकडे बोट केलं. "हाच तो. माझा भाऊ."

"आरं द्येवा! राग नका धरू, बाबा. लई जुना फोटू दिसतोय, वळखू आला न्हाई. खाली काय लिव्हलंय?"

आक्काने पत्रिका उचलली आणि बालवाडीतल्या पोरांना वाचून दाखवावं तसं शब्द शब्द सुटा करून वाचलं. "ऊसतोड. कामगाराचा. मुलगा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो माझ्याजवळ खालीच बसला. "आसं व्हय! मंग आमच्यातलेच की तुमी! वडील कंच्या टोळीत हुते? मुकादम कोन हुता? गाव कंचं तुमचं?"

तीन प्रश्न. सत्तेचाळीस वर्षांत मला कितीतरी लोकांनी विचारलं असेल, दुःख झालं का, भूक लागायची का, त्या आठवणी भूमिकेत येतात का. टोळी कुठली, मुकादम कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. रचताही आली नसती. या माणसाला एका वाक्यात कळलं असतं.

"वडील टोळीत नव्हते," मी म्हणालो. "मास्तर होते, इथल्याच शाळेत. हे खोटं छापलंय. मीच तसं सांगितलं होतं."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग आक्काकडे. मग त्याला हसू फुटलं.

"ह्ये आक्रीतच! आवो, आमची लोकं लपिवत्यात. माझी नात कालिजात, वडील शेती करत्यात म्हनून सांगती. आन् तुमी उलटंच केलं की!" त्याने डोळे पुसले. मग अगदी सहज विचारलं, "मास्तरकी काय वंगाळ हुती व्हय?"

नळाखाली कॅन भरून वाहू लागला. तो उठला, नळ बंद केला आणि कॅन खांद्यावर घेऊन जाता जाता म्हणाला, "कवा फडात या, कोयता कसा धरायचा त्ये दावतो."

तो गेल्यावर आक्का म्हणाली, "याला सांगितलंस तसं तिथं सांग. सगळ्यांपुढं. मग मी येते. शेवटच्या रांगेत बसेन. मला ऐकू आलं पाहिजे."

मी सावेडीला परत येऊन मंडळाच्या कार्यवाहांना फोन केला. निवृत्त गृहस्थ, अत्यंत सज्जन. ती ओळ काढा म्हटल्यावर त्यांचा आवाजच बसला.

"काढायची? सर, अहो, तीच तर गोष्ट आहे! मास्तरचा मुलगा नट झाला यात काय? नगर जिल्ह्यात दर दुसरा माणूस मास्तरचा मुलगा आहे. मी स्वतः आहे."

"पण ते खरं नाही हो."

"असेल. पण मुलांना प्रेरणा मिळते ना. आणि फ्लेक्स छापून झालाय, सर. दहा बाय वीस."

मी म्हणालो, फ्लेक्स राहू द्या, पण मला बोलायला पंधरा मिनिटं द्या. ते लगेच कबूल झाले. पुढारी नेहमी तासभर घेतात, तुम्ही पंधराच मागताय, म्हणाले.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. आक्का शनिवारीच माझ्याकडे आली. हातात बाबांची छत्री. कापड दोनदा बदललं आहे, दांडा तोच; आता ती काठी म्हणून वापरते. आल्या आल्या तिने माझ्या फ्लॅटची किल्ली काढून घेतली. मी दोन वेळा आत विसरून कुलूपवाल्याला बोलावलं होतं, हे तिला कळलं होतं.

सभागृहाच्या फाटकावर मी दहा बाय वीस उभा होतो. आक्काने फ्लेक्सकडे वर मान करून बघितलं. "केवढा तो कोयता," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन खरोखरच शेवटच्या रांगेत, दारालगतच्या खुर्चीवर बसली.

शाल झाली, श्रीफळ झालं, माझ्या कष्टाळू पोरकेपणावर दोन भाषणं झाली. दोन्ही वक्त्यांचे डोळे पाणावले होते. मग मला बोलावलं. माईक शिट्ट्या मारत होता. कार्यवाह त्याच्याशी झटायला धावले, मी म्हटलं, बंदच करा. पुढे आलो. बोलायचं काय ते ठरलं होतं, पण समोर तीनशे माणसं आणि ती ओळखीची शांतता. सवयीने माझा गळा आपोआप दाटून आला.

"मित्रहो," मी थरथरत्या आवाजात सुरू केलं, "आज माझं अंतःकरण..."

टक् टक्.

लोक माना वळवून मागे बघू लागले. एक म्हातारी बाई छत्रीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून बसली होती. मला हसू आलं. खरंच आलं. घसा मोकळा झाला.

मी साधं बोलू लागलो. म्हटलं, तुम्ही आत्ता जे ऐकलंत ते मीच पसरवलेलं खोटं आहे. मला शांतता विकत हवी होती आणि मी त्यासाठी बाप विकला. पुढचं वाक्य घेताना मात्र माझं अवसान गेलं. "माझे वडील मास्तर होते," हे मी बोललो, पण ते बहुधा माझ्या शालीपर्यंतच गेलं.

टक्.

मी श्वास घेतला आणि भिंतीकडे बघून ते पुन्हा म्हटलं. मग सगळंच सांगितलं. चर्च, खोकं, शेवटच्या बाकावरच्या बाया. त्या गोलातलं वाक्य. ज्याची भूमिका मी घेतली तो माणूस. पत्र. कॅसेट. 'तेही विसरलो' म्हणालो तेव्हा काही जण हसले आणि हसताना थांबले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ हा एकपात्री प्रयोग आहे अशा समजुतीने मान डोलावत होते. कार्यवाह मांडीवरचा हार कुरवाळत होते. मध्यावर कुणीतरी चुकून टाळी वाजवली. मी बोलत राहिलो. मघापासून छत्री वाजली नव्हती.

शेवटचं वाक्य म्हणून मी मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. दार नुकतंच हललं होतं.

टाळ्या झाल्या की नाही, किती झाल्या, मला नीट सांगता येणार नाही. कार्यवाह माझा हात धरून म्हणाले, "सर, माझे वडीलही छडी अशीच आपटायचे." मी शाल काखेत मारून बाहेर आलो.

आक्का फाटकाशी उन्हात उभी होती. छत्री एका हातात मिटलेली. दुसऱ्या हातात माझ्या फ्लॅटची किल्ली.

मी तिच्यापाशी जाऊन थांबलो. जे बाबांना विचारायची कधी हिंमत झाली नाही ते विचारलं. "ऐकू आलं?"

"नसतं आलं तर बाहेर आले असते का?" ती म्हणाली. मग फ्लेक्सकडे मान करून, "पण उसाचं राहिलं. बुडाशी तोडतात, ते सांगितलं नाहीस."

"राहिलंच."

"मग लिहून काढ. रिक्षा बघ आता, ऊन फार आहे. आणि घरी भात करून ठेवलाय, जाताना दही घ्यायचंय."

मी रिक्षा थांबवली. ती आधी बसली, सरकली आणि छत्री आमच्या दोघांच्या मधे उभी करून ठेवली.